इंजिनातलं पाणी

डेपोत तिला सगळे चावीवहिनी म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पडलं ते लोडरमुळे. घाटातल्या रस्त्यावर बर्फ साचला की तो बाजूला सारायचं काम त्या लोडरचं, आणि लोडर चालवायचं काम तिच्या नवऱ्याचं. पूर्वी त्याच्या हाताखाली एक मदतनीस असायचा. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी डेपोने दुसरा माणूस काही दिला नाही. पण थंडीत ते जुनं डिझेल इंजिन एकट्याला जुमानत नसे. एकाने खाली इंजिनापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने वर केबिनमध्ये चावीवर बसायचं, तेव्हा कुठे ते जागं व्हायचं. नवरा एकदा जेवता जेवता ताटातली नजर न उचलता म्हणाला, "उद्यापासून माझ्याबरोबर येशील का? नुसती चावी फिरवायचीय."

ती गेली, आणि मग जातच राहिली. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, घर खायला उठायचं. त्यापेक्षा थंडीत कुडकुडणं परवडलं, असं ती शेजारणीला सांगे. खरी गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही. घरात तिचा नवरा मोजून मापून बोलणारा माणूस. मीठ कमी झालं तरी सांगायचा नाही, नुसता मिठाचा डबा जवळ ओढायचा. लोडरपाशी गेला की मात्र त्याच्या तोंडाला पाझर फुटे. इंजिनाशी बोले, त्याला शिव्या घाली, त्याची मनधरणी करी, आणि त्या बोलण्यात मधेमधे तिलाही ओढी. "बघ, बघ, आज कसं रुसून बसलंय ते. काल तू त्याला नीट झाकलं नाहीस वाटतं." ती वर केबिनमध्ये हात काखेत खुपसून बसलेली असे आणि गालातल्या गालात हसे. आयुष्यभरात नवरा तिच्याशी जेवढं बोलला असेल, त्यातलं निम्म्याहून जास्त डेपोच्या त्या अंगणात बोलला.

कामाची रीत ठरलेली होती. उजाडायच्या आधी दोघं घरून निघायची. हातगाडीवर गरम पाण्याचे डबे, बॅटरी आणि निखाऱ्यांचं घमेलं. बॅटरी रोज संध्याकाळी काढून घरी शेगडीजवळ ठेवायची, नाहीतर थंडीत तिचा जीव जातो. अंगणात पोचलं की घमेलं ऑईलच्या चेंबरखाली सरकवायचं. रात्रभरात ऑईल मधासारखं घट्ट झालेलं असे. खालून धग लागली की ते सैल पडे. मग रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं, म्हणजे इंजिनाच्या आतल्या अंगालाही ऊब मिळे. हे सगळं झालं की नवरा इंजिनावर तळवा टेकून थोडा वेळ उभा राही आणि मग नुसतं म्हणे, "हां." ती चावी फिरवी. स्टार्टर कण्हायचा, इंजिन खोकायचं, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. एक सिलिंडर पेटायचा, मग दुसरा, आणि अख्खा लोडर थरथरू लागला की तिच्या जिवात जीव येई.

संध्याकाळचं काम तिचं एकटीचं होतं. रेडिएटर जुना, ठिकठिकाणी पाझरणारा. त्यात न गोठणारं महागडं कूलंट ओतणं म्हणजे ते जमिनीला पाजण्यासारखं, म्हणून डेपोने साधं पाणी वापरायला सांगितलं होतं. पण साधं पाणी रात्री आत राहिलं तर गोठतं, फुगतं आणि लोखंड फोडतं. तेव्हा लोडर परत आला, की नवरा कचेरीत जाई आणि ती पोतं अंथरून इंजिनाखाली शिरे. इंजिनाच्या कुशीला एक तोटी होती. ती उघडायची, गंजाने तुंबली तर तारेने टोचायची आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथेच पडून राहायचं. बाहीतून पाणी काखेपर्यंत जाई. नवरा घरी जाताना न चुकता विचारी, "पाणी सोडलंस ना?" आणि ती न चुकता म्हणे, "सोडलं." एवढंच बोलणं, पण रोजचं.

एका हिवाळ्यात नवऱ्याच्या कमरेत चमक भरली. बॅटरी उचलायची म्हणजे त्याच्या तोंडचं पाणी पळे. एका संध्याकाळी तो म्हणाला, "राहू दे आज तिथंच. एका रात्रीने काय होतंय?" तिलाही ते पटलं. हवा तशी फार वाईट नव्हती. पण रात्रीत वारा पडला, आकाश निरभ्र झालं आणि अशी थंडी पडली की सकाळी घराच्या दाराची कडी बोटांना चिकटली.

अंगणात पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखं सगळं केलं. घमेलं सरकवलं, पाणी ओतलं. "हां" म्हटल्यावर तिने चावी फिरवली, तर नुसतं टक् झालं आणि केबिनमधल्या मीटरच्या काट्यांवरचा दिवासुद्धा विझला. बॅटरी मेली होती. अंगणातला नळ गोठलेला, कचेरी बंद. घाटात वरच्या अंगाला बर्फ अडकून पडल्याचा निरोप आदल्या रात्रीच आलेला, त्यामुळे नवऱ्याला घाई होती. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ मालाचा ट्रक घेऊन फाटकातून आत आला. रस्ता मोकळा व्हायची वाट बघत तो तिथेच थांबायचा.

"दादा, माझ्या बॅटरीवरून देऊ का करंट?"

"दे. लाव इकडे."

ट्रक लोडरच्या कुशीला आला. धाकट्याने जाड केबल काढल्या. नवऱ्याने बॅटरीवरचा बर्फ नखाने खरवडला, चिमटे लावले, खाली वाकून एक चिमटा हलवून पाहिला. बॅटरीतलं पाणी रात्रीत गोठून तिच्या कडा फुगल्या होत्या, पण कंदिलाच्या उजेडात ते दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो वाकलेलाच होता आणि म्हणाला, "हां."

तिने चावी फिरवली.

आवाज फार मोठा नव्हता, असं ती पुढे सांगायची. पत्र्याचा डबा दगडावर आपटल्यासारखा. ती खाली उतरली तेव्हा नवरा गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले होते. बॅटरी फुटून तिच्यातलं ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं होतं. तो ओरडत नव्हता. "पाणी," एवढंच म्हणत होता. "पाणी आण. पाणी."

ती नळाकडे धावली. नळ दगडासारखा. डबे उलटे केले, एकातही घोट नव्हता; सगळं पाणी आताच ओतून झालेलं. तिने ओंजळी भरभरून बर्फ त्याच्या डोळ्यांवर दाबला. धाकट्याने त्याला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि तिघं घाट उतरून इस्पितळाकडे निघाली. वाटभर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याचे ओले केस कोटाच्या बाहीने पुसत होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, "लगेच पाणी मारलं होतं का? भरपूर?"

"पाणी कुठलं तिथं," धाकटा म्हणाला. "नळ गोठलेले."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याने उजेड आणि अंधार एवढं कळेल, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे तेही कळेनासं झालं.

नवरा शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या तोंडावर पट्ट्या होत्या. ती उशाशी बसली होती. त्याने चाचपडत तिचं मनगट शोधलं. आता हा काय म्हणेल, याची ती वाट बघत राहिली. चावी तर तिनेच फिरवली होती.

"पाणी सोडलंस ना?" तो म्हणाला.

दिवसभरात ते तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सोडलं," ती म्हणाली.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि झोपला.

ती तशीच उठून व्हरांड्यात गेली. धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, डेपोच्या मुकादमांना फोन लावा. म्हणावं, लोडरचं पाणी सोडायचं राहिलंय. आत्ताच्या आत्ता सोडा." धाकट्याने लावला. लागला नाही, घाटातल्या तारा बर्फाने लोळवल्या होत्या. "थोड्या वेळाने परत लावतो," तो म्हणाला. मग त्याला कुणी औषधं आणायला पाठवलं, कुणी कागदावर सही करायला बोलावलं, आणि पहाटेपासून उपाशी असलेला तो माणूस संध्याकाळी बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला. तिने त्याला झोपलेला पाहिला आणि समजून चालली की निरोप पोचला. रात्री पुन्हा बर्फ पडला. रस्ता मोकळा करायला लोडर नव्हता, म्हणून रस्ताही बंद झाला.

रस्ता उघडल्यावर ती परत डेपोत गेली ती अंगणात राहिलेली हातगाडी आणि डबे आणायला. लोडर तिथेच उभा होता, ट्रक निघून गेल्यावर एका बाजूला सरकल्यासारखा वाटणारा. ती जवळ गेली आणि तिला इंजिनाच्या कुशीत पांढरी रेघ दिसली. वाकून पाहिलं. जाड लोखंडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि चिरेतून बर्फाची जीभ बाहेर आली होती, गंजाने तांबूस झालेली. शेजारी तोटी, जशीच्या तशी बंद.

ती तिथेच बर्फात बसली. लोडर मेला, हे तर तिला कळलंच. पण त्या बर्फाकडे बघता बघता दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. पाणी होतं. नळ गोठलेला होता, डबे रिकामे होते, पण ते डबे ज्याच्यात रिकामे केले त्या इंजिनात पाणी होतं. कोमट, भरपूर, हाताच्या अंतरावर. नवरा "पाणी पाणी" करत त्याच इंजिनाशेजारी गुडघे टेकून बसला होता. रोज संध्याकाळी जी तोटी ती आंधळेपणाने उघडायची, ती एकदा सकाळी उघडली असती तर त्याच्या डोळ्यांवर धार धरता आली असती.

मागून मुकादम आले. चांगला माणूस, पण कुठे काय बोलावं ते न कळणारा. "वहिनी, मला वाटलं तुम्ही सोडलं असेल," ते म्हणाले. "रोज तुम्हीच सोडता ना, म्हणून मी बघितलंसुद्धा नाही."

"भाऊजींचा फोन नाही आला?"

"नाही बुवा."

तिने धाकट्याला कधी त्याबद्दल विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? आणि आपण तरी कोणत्या तोंडाने विचारायचं, असंही तिला वाटलं.

नवऱ्याला घरी आणलं. शेगडीजवळची खुर्ची त्याची झाली. पहिले काही दिवस तो भिंतीसारखा होता. मग एके दिवशी त्याने लोडरचा विषय काढला आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा जान आली.

"मी विचार केलाय," तो म्हणाला. "मला दिसत नसलं म्हणून काय झालं? चालू तर मला करता येतो. कानाने कळतं सगळं. नवा ड्रायव्हर येईल त्याला काय माहीत याच्या खोड्या? मी नि तू जाऊन सकाळी चालू करून देत जाऊ. पुढचं तो बघेल. मुकादमाला विचारशील?"

"विचारते."

"आता तो तसाच उभा आहे ना? झाकलाय ना?"

"झाकलाय."

तिला सांगायचं होतं. मुकादमही म्हणाले, "वहिनी, सांगून टाका, हे असं किती दिवस लपणार?" ती म्हणे, जरा अन्न अंगी लागू दे, जरा झोप लागू दे, मग सांगते. पण त्याला झोप लागायची ती लोडरच्याच आधाराने. रात्री अंथरुणावर तो बोलायला लागे. रेडिएटरचे पाझर कसे बुजवायचे, बॅटरीला लाकडी पेटी करून तिच्यात भुसा कसा भरायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तो घरात बोलत होता. जे बोलणं तिला फक्त अंगणात मिळायचं ते आता उशाशी येऊन बसलं होतं, आणि ती अंधारात डोळे उघडे ठेवून हुंकार देत होती. एकेक हुंकार तिला धोंड्यासारखा जड जाई. तरी देत होती.

हिवाळा सरता सरता डेपोत नवा लोडर आला. त्याला वायरने विजेवर जोडून ठेवायचं. रात्रभर इंजिन कोमट राहायचं आणि सकाळी बोट लावलं की चालू. तो चालवायला धाकट्याला घेतलं. ट्रकचं काम तसंही त्याच्या जिवावर आलं होतं. तो सांगायला घरी आला तेव्हा उंबऱ्यातच घुटमळत राहिला.

"तू घे रे," नवरा म्हणाला. "घरातच राहिलं. जुन्याचं मात्र मुकादमाला सांगून ठेव. भंगारात घालू नका म्हणावं. अडीअडचणीला तोच येईल उपयोगी."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "सांगतो," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

भंगारवाला यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी मुकादमांनीच घोळ घातला. ते भेटायला आले आणि बोलता बोलता म्हणून गेले की उद्या जुना लोडर ओढून नेणार आहेत. नवरा ताडकन उठला.

"नेणार म्हणजे? चालू यंत्र भंगारात?" नवरा तिच्याकडे, म्हणजे ती असेल असं वाटलं त्या बाजूला, वळला. "माझा कोट दे. डेपोतली बॅटरी लावून आपण चालू करू. चालू झालेलं बघितलं की कोण नेतोय बघतो."

"अहो, आज नको. वारा आहे."

"कोट दे."

वाटेत ती काहीतरी बोलायला दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा त्याने तिचा हात धरून पुढे ओढलं, जणू आंधळी तीच होती. मुकादम मागून पाय ओढत येत होते. अंगणात आल्यावर त्याने तिचा हात सोडला. पुढचं त्याला कुणी दाखवावं लागलं नाही. टायर चाचपला, पायरी चाचपली, इंजिनावरचा पत्रा उचलला. ती म्हणाली, "आधी केबिनमध्ये चला, बसा जरा." त्याने ऐकलं नाही. नेहमी टेकायचा तसा त्याने इंजिनावर तळवा टेकला. मग तळवा खाली सरकला, थांबला. बोटं परत वर गेली. चिरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने बोट फिरवलं, हळूहळू, आणि शेवटी ते तोटीवर आलं. तोटी बंद होती. तिने ती त्यानंतर कधी उघडलीच नव्हती. उघडून उपयोग नव्हता.

तो सावकाश सरळ झाला.

"त्या दिवशीचंच?" त्याने विचारलं.

"हो."

"सोडलं म्हणालीस."

"तुम्हाला झोप लागावी म्हणून म्हणाले. भाऊजींना लगेच सांगितलं होतं मी. फोन लागला नाही. आणि मग सांगणं जमलंच नाही."

मुकादम तोंड फिरवून उभे राहिले. नवऱ्याने कोटाला हात पुसले. ती शिव्यांची वाट बघत होती. इंजिनाला इतक्या शिव्या घातलेला माणूस, आज त्यातल्या चार आपल्या वाट्याला येऊ देत, असं तिला वाटत होतं. पण तो विचारात पडल्यासारखा दिसत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं आणि तिला कळलं, की ती ज्या ठिकाणी येऊन बर्फात बसली होती तिथेच आता तोही पोचलाय.

"म्हणजे पाणी होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी. मीच ओतलं होतं की. कोमट होतं."

तिने इंजिनावरचा पत्रा खाली ओढून लावला.

"चल घरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोडर ओढून नेला. तो गेल्याचा खडखडाट घरापर्यंत ऐकू आला. नवरा खुर्चीत बसून होता, त्याने खिडकीकडे मानसुद्धा वळवली नाही.

त्यानंतर तो तिच्याशी कधी वाकडं बोलला नाही. उलट फार नीट वागू लागला. जेवण झालं की "छान झालं होतं" म्हणे. ती बाहेर निघाली की "सावकाश जा" म्हणे. मीठ कमी असलं तर मात्र काहीच म्हणत नसे, आणि मिठाचा डबाही मागत नसे. रात्रीचं बोलणं बंद झालं ते झालंच. तो कुशीवर वळून झोपे, किंवा झोपल्यासारखा पडून राही. तिला त्या नीटपणाची भीती वाटू लागली. शेजारीण म्हणाली, "नशीबवान आहेस, दुसरा असता तर जीव नकोसा करून सोडला असता." ती हो म्हणाली.

मुकादमांनी तिला डेपोच्या डिझेल पंपावर कामाला घेतलं. तिथेही लोक चावीवहिनीच म्हणत. नव्या माणसांना वाटे, पंपाची चावी तिच्याकडे असते म्हणून. धाकटा सकाळी नवा लोडर घेऊन डिझेल भरायला येई. ती नळी लावी, तो दुसरीकडे बघत उभा राही. टाकी भरली की "येतो वहिनी" म्हणे आणि जाई. घरी येणं त्याने हळूहळू सोडलं. सणासुदीलासुद्धा निरोप पाठवायचा, काम आहे म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात, पहिली कडाक्याची थंडी पडली त्या दिवशी, ती कामावरून परतली तेव्हा नवरा खुर्चीतच होता. शेगडी विझत आली होती आणि त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिने कोळसे घातले. मग हात तसेच काळे घेऊन ती त्याच्या पायाशी बसली. किती दिवस ती वाक्य जुळवत होती, पण तोंडातून आलं ते भलतंच तोकडं.

"मला आठवलंच नाही हो, इंजिनात पाणी आहे म्हणून."

त्याची बोटं खुर्चीच्या हातावर वरखाली होत राहिली.

"मला तरी कुठे आठवलं," तो म्हणाला.

तिला वाटलं, आता तो पुढे बोलेल. तिने मान वर करून पाहिलं. काळ्या चष्म्यात शेगडीचा लाल ठिपका दिसत होता, बाकी काही नाही.

"वारा येतोय," तो म्हणाला. "दार नीट लाव."

तिने उठून दार लावलं. परत येईपर्यंत त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.